घडीखालची सही

दिवाळीचे कंदील उतरवून माळ्यावर टाकले की आठ-पंधरा दिवसांत बाजारात नवे सुके बोंबील येतात. उत्तन-पालीच्या बायका टोपल्या घेऊन रस्त्याकडेला बसतात आणि तो वास आधी गल्लीत, मग जिन्यात, मग थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरतो. शेजारच्या मारवाडी भाभी ओढणी नाकाला लावून विचारतात, "दीदी, आज फिर सूखी मच्छी लायी क्या?" मी म्हणते, "मैं नहीं लायी." आणि खरंच आणत नाही. परळच्या चाळीत वाढलेली मी, बोंबलाच्या चटणीबरोबर दोन भाकऱ्या सहज उडवणारी! सासूबाई अजून कुरकुरतात, "अगं, त्या बोंबलानं तुझं काय घोडं मारलंय?"

बोंबलानं काही केलेलं नाही. बिचारा मेलेला, वर उन्हात वाळलेला. मला शिसारी येते ती त्या एका हंगामाची. आणि आडपडदा न ठेवता सांगायचं तर त्या हंगामातल्या माझीच.

नवं शतक लागून दोनेक वर्षं झाली होती. लेखी परीक्षा देऊन, मुलाखत देऊन मी विद्यापीठात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि माझं नशीब असं की नेमणूक घराजवळच, भाईंदर पूर्वेच्या उपकेंद्रात झाली. उपकेंद्र म्हणजे काय, तर औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीचा भाड्याचा दुसरा मजला. खाली स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. दिवसभर ताटं आपटल्याचा आवाज आणि पॉलिशचा काळा धुरळा. कपाळावरून रुमाल फिरवला की रुमाल काळा. वर आम्ही, आणि ऑक्टोबरच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. गोणपाट, सुतळी, खळ, वितळलेली लाख. या सगळ्याचा मिळून एक वास असतो, तो आजही माझ्या जुन्या स्वेटरला येतो. स्वेटर दहा वेळा धुतलाय.

तिथे मला काम शिकवलं फिलूबायनं. फिलोमिना तिचं नाव, पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे फिलूबायच म्हणायचे. पालीची. रोज सकाळी मासळीच्या टोपल्यांशेजारी उभी राहून बसनं भाईंदर स्टेशनला यायची, पूल ओलांडून चालत आमच्याकडे. वय पन्नाशीला टेकलेलं, अंबाड्यात अबोलीची वेणी, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. अकरा वर्षं ती त्या टेबलाशी बसत होती आणि अकरा वर्षं रोजंदारीवरच होती. दर काही महिन्यांनी कागदोपत्री तिला दोन दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नव्यानं घ्यायचे. तिच्यासारख्या आठजणी होत्या.

"बाय, हिकडं बघ," पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "ह्यो परीक्षा नंबराचा कोपरा. ह्याची घडी घालाची, खळ लावाची, वर आपला नंबर टाकाचा. आन् घडीखाली सही."

मग तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "येकदा घातलेली घडी उगडाची न्हाय. पोटचा पोर आसला तरी न्हाय."

मी काही ऐकणारी नव्हते. चौथ्या की पाचव्या दिवशी एका वहीचं अक्षर फार सुंदर दिसलं, आणि कुठल्या कॉलेजची असेल बघावं म्हणून नखानं घडीचं टोक उचललं. फाट्कन माझ्या हातावर चापट बसली. सगळ्यांसमोर! माझा चेहरा लाल झाला. "घडी म्हंजे कुनाचा तरी विश्वास हाय, बाय," ती म्हणाली आणि लगेच स्वतःच्या डब्यातला सोलकढीचा गडू माझ्यापुढे सरकवला. रागावून लगेच भरवणारी जात तिची.

दुसरी एक गोष्ट तिनं शिकवली, ती मी ऐकली आणि विसरून गेले. वहीत मध्येच कोरी पानं राहिलेली असत. ती लाल पेनानं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची. "कोरी जागा मोकली सोडाची न्हाय," ती म्हणायची. "कोन काय लिवंल, सांगता येत न्हाय." मीही मारायचे रेघा. दिवसाला शेकडो. हात मारत होता, डोकं दुसरीकडे.

अजून महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात संघटनेचं बोलावणं आलं. नवीन कर्मचाऱ्यांचा परिचय मेळावा, रविवारी, उत्तनला.

माझे बाबा छापखान्यात होते. संघटनेच्या मीटिंगला जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालायचे, लग्नाला जातात तसा. आई चिडवायची, "तिकडे काय मुलगी बघायला चाललाय?" तर म्हणायचे, "अगं, तिथे मी कामगार नसतो, सभासद असतो." एवढं एकच मोठं वाक्य माझ्या बापानं आयुष्यात उच्चारलं असेल. त्यामुळे त्या रविवारी मीही कडक इस्त्रीची साडी नेसले. आज आठवलं की त्या साडीचीसुद्धा लाज वाटते.

उत्तनला उतरले तर समोर बांबूंच्या उंच चौकटींवर बोंबीलच बोंबील. दोन-दोनांची जोडी, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर टाकलेली. ऊन असं लख्ख की डोळे मिटावेत. वारा, खारट वास, जाळी विणत बसलेले म्हातारे, दुचाकीवरून बर्फाच्या लाद्या नेणारे लोक. मला तेव्हा ते सगळं फार सुंदर वाटलं होतं. आमच्यातले दोघं नाक दाबून चालले होते आणि मी त्यांना हसत होते.

मेळाव्याच्या हॉलच्या मागच्या अंगणात चुलीपाशी फिलूबाय बसलेली! रव्यात घोळवून ओले बोंबील तळत होती. "तुम्ही इथे?" मी विचारलं. "मंग! दाजींनी सांगितला, नवीन पोरं येतायत, आपल्या गावात येतायत, तर आपल्या हातचं खाऊ घाल." घामानं निथळत होती, पण खूश होती. हळूच म्हणाली, "दाजी बोल्ले, ह्या टायमाला आमचा आठजनींचा काम होतंय. कायम. साहेबांशी बोलना झाला हाय." आणि एक कुरकुरीत बोंबील माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आधी तू खा. तू माजी हाय."

दाजी म्हणजे संघटनेचे सरचिटणीस. सगळ्या विद्यापीठाचे दाजी. ते स्वतः परीक्षा विभागातच वाढलेले, खळ आणि लाखेतून वर आलेले. माणूस गोड. इतका गोड की आता आठवलं तरी दात शिवशिवतात. प्रत्येकाचं नाव पाठ, गाव पाठ. मला म्हणाले, "छापखान्यातल्या माणसाची मुलगी ना तू? मग तुला संघटना काय शिकवायची!" मी विरघळलेच. मग भाषण. "पोरांनो, तिकडे विद्यापीठ तुमचं सासर. ही संघटना तुमचं माहेर. सासरी काही दुखलं-खुपलं तर इथे यायचं." टाळ्या. मी तर हात दुखेपर्यंत वाजवल्या.

आणि मग कागद फिरला. फुलस्केप, मधोमध दुमडलेला, वरचा अर्धा भाग मागे घातलेला. खालच्या अर्ध्यावर एक ते सात आकडे आणि पुढे आमची नावं. "जेवणाची हजेरी आहे, सह्या करा पटापट, बोंबील निवतायत," दाजी म्हणाले. सगळे हसले. कागद माझ्या हातात आला. घडी बोटाला लागली. आणि महिनाभर त्या टेबलाशी बसलेल्या माझ्या हातानं ती घडी उघडली नाही. घडीखाली सही केली, शेवटाला नेहमीसारखी लांब शेपटी काढली आणि कागद पुढे दिला. सातहीजणांनी तसंच केलं. जगात दुसऱ्या कुठल्याही कचेरीतल्या माणसानं निदान उलटून तरी बघितलं असतं. आम्ही मात्र घडीला देव मानणारे लोक.

नंतर जेवलो. पोटभर. मी चार बोंबील खाल्ले. शी!

पंधरा दिवसांनी उपकेंद्राच्या सूचना फलकावर एक पत्र लागलं. आठ रोजंदारी महिलांना कायम करण्याचा प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे, कारण नवनियुक्त कर्मचाऱ्यांची लेखी हरकत आहे. आणि खाली पुरावा म्हणून त्या हरकतीची झेरॉक्स. रोजंदारीवाल्यांना कायम केलं तर आमच्या सेवाज्येष्ठतेला धक्का लागतो, सबब आमचा ठाम विरोध आहे, वगैरे वगैरे. मधोमध घडीची आडवी काळी रेघ उमटलेली. वर टाइप केलेला मजकूर. शेवटच्या दोन ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, जागा पुरली नसावी तशा. आणि रेघेखाली आमची सात नावं, सात सह्या. दुसरी माझी. शेपटीसकट.

जुन्या लोकांच्या सह्या त्यांनी का मागितल्या नाहीत, ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. जुन्यांपैकी एकानंही केली नसती. सगळ्यांना फिलूबायनं घडी घालायला शिकवलं होतं. दाजींना अजून न ओळखणाऱ्या, नुकत्याच आलेल्या सह्या हव्या होत्या. कोवळ्या. त्या आठ जागांवर पुढच्या वर्षी जी माणसं आली, त्यातली दोघं दाजींना मामा म्हणायची. खरंखुरं मामा.

फिलूबाय माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. गावातल्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली होती. बोट फिरवत, ओठ हलवत सगळं वाचलं. माझ्या सहीवर बोट थांबलं.

"फिलूबाय, शपथ सांगते, मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "घडी होती. मी उघडली नाही."

"ठावं हाय," ती म्हणाली. "मीच शिकवला ना तुला, उगडू नको म्हनून." त्या दिवशी ती मला एक शब्द वावगा बोलली असती तर किती बरं झालं असतं!

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी आली. हातात कोरा कागद आणि स्वतःचं पेन. "बाय, येवढा लिवून दे. ती सही जेवनाची व्हती, हरकतीची नव्हती. येकीनं जरी लिवून दिला ना, तर साहेब परत बघतंय बोल्ले. बाकीची पोरं घाबरतात. तू न्हाय घाबरनार."

मी कागद घेतला. म्हटलं, "बघते."

बघते! मराठीत यापेक्षा घाणेरडा शब्द मी तोंडातून काढलेला नाही. माझा परिविक्षेचा काळ चालू होता, दोन वर्षं. दाजींनी आम्हा सातजणांना आधीच बोलावून घेतलं होतं. "तुमच्याच भल्यासाठी केलं रे बाळांनो. आता कोणी उलटसुलट लिहिलं तर नोकरीत पक्कं होताना अडचण नको, एवढंच मला वाटतं." आवाज तोच, मधात बुडवलेला. घरी नवरा म्हणाला, "तू एकटी कशाला पुढे होतेस? फ्लॅटचं आत्ताच कुठे जमतंय." सासूबाई भाजी चिरायच्या थांबल्या. मी कागद पर्समध्ये घातला. आठवडा गेला, दोन गेले. फिलूबाय रोज डब्याच्या वेळी माझ्याकडे बघायची आणि मी रोज डब्यात बघायचे. मग उत्तरपत्रिकांचं काम संपलं, रोजंदारीवाल्यांना घरी बसवलं आणि या वेळी परत बोलावलं नाही. साहेबांनी परत बघायची मुदत टळून गेली. तो कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात मऊ झाला आणि एक दिवस पर्सच बदलली.

त्यानंतर आठ वर्षं मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आले. घडीमुळे झालं. घडी उघडली असती तर वाचलं असतं, वाचलं असतं तर सही केली नसती. मी फसले, फसवली गेले. ही कथा मी इतक्या वेळा सांगितली, नवऱ्याला, बहिणीला, आरशाला, की तिच्या कडा गुळगुळीत झाल्या. बाकी माझं छान चाललं. पक्की झाले, वरिष्ठ लिपिक झाले, दाजींच्या मुलीच्या लग्नाला जाऊन जेवून आले. संघटनेची पावती दर वर्षी मुकाट्यानं फाडत आले. इमारतीखाली ताटं आपटत राहिली, वर आम्ही रेघा मारत राहिलो.

यंदा दिवाळीनंतर दाजींचा फोन आला. आता केस पांढरे, आवाज तोच. "मॅडम, नवीन बॅच आलीये. अकराजण आहेत. उत्तनला मेळावा ठेवलाय. ज्येष्ठ भगिनी म्हणून तुम्ही दोन शब्द बोला."

नाही म्हणायला हवं होतं. पण मी गेले. का गेले? कुठल्या तरी कोपऱ्यात खाज होती, आता जाऊन बघावं, या वेळी काय लिहून आणलंय वरच्या अर्ध्यात. साधी साडी नेसले. बस तीच, वळणं तीच, बांबूंवर बोंबील जबड्यात जबडा घालून तसेच. हॉलला नवा रंग. अंगणात तळायला आता केटरर. "विद्यापीठ तुमचं सासर, ही संघटना तुमचं माहेर." टाळ्या. पोरांचे चेहरे बघवत नव्हते. एक मुलगी तर टाळ्या वाजवताना रडवेली झाली होती. तिचेही बाबा कुठेतरी इस्त्रीचा शर्ट घालून जात असतील.

आणि कागद फिरला. दुमडलेला. "जेवणाची हजेरी आहे, पटापट उरका."

त्या मुलीनं पेनाचं टोपण काढलं. मी खुर्चीवरून उठले. "दे बघू," म्हटलं. तिनं चटकन दिला. पण मी घडी उघडताना मात्र ती दचकली. "मॅडम, घडी…" म्हणाली. महिनाभरात तिलाही शिकवलेलं होतं कोणीतरी.

मी घडी उघडली. वर काहीच नव्हतं.

कोरं. पांढरंस्वच्छ. एक अक्षर नाही. मी वेड्यासारखं उलटसुलट करून बघितलं. मग मला ती सूचना फलकावरची झेरॉक्स आठवली, शेवटच्या दोन ओळी दाटीवाटीनं चढलेल्या. सह्या आधी, मजकूर मागाहून. म्हणजे त्या दिवशी मी घडी उघडली असती तरी मला कोरा कागदच दिसला असता. आणि कोरा आहे, काही वाईट नाही म्हणून मी हसत हसत सही केली असती, शेपटी काढून. आठ वर्षं जिच्या आडोशाला लपून बसले, ती घडी अशी एका क्षणात गेली. फिलूबायनं शिकवलेल्या दोन गोष्टींपैकी मला सोयीची तेवढीच मी लक्षात ठेवली होती.

मग त्या मुलीच्याच पेनानं वरच्या कोऱ्या अर्ध्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "फक्त जेवणाची हजेरी."

"मॅडम, कागद खराब केलात," दाजी हसून म्हणाले. डोळे हसत नव्हते.

"दोन शब्द बोलायला बोलावलंत ना," मी म्हटलं. "माझे एवढेच. पोरांनो, कोरी जागा सोडून सही करू नका." काही पोरं माझ्याकडे बघत होती, काही दाजींकडे. त्या मुलीनं पेन परत घेतलं, रेघेकडे बघितलं आणि रेघेखाली सही केली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. जेवण वाढायला लागले. मी न जेवता निघाले.

बस यायला वेळ होता. पाय आपोआप पालीच्या वाटेला लागले. फार शोधावं लागलं नाही. चौकटींखाली एक बाई वाकून पडलेले बोंबील वेचत होती आणि जोडी लावून पुन्हा दोरीवर टाकत होती. अंबाड्यात अबोली नव्हती, केस पातळ झाले होते. तिनं मला ओळखलं. "काय गो बाय, बरी हाय ना?" म्हणाली. उठली नाही, पण फळीवरची जागा पुसून दिली.

मी बसले. आणि शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या पोरीसारखं सगळं भडाभडा सांगितलं. कागद, घडी, कोरी जागा, दाजींचे डोळे. "फिलूबाय, मी रेघ मारली. तुम्ही शिकवलेली. सगळ्यांच्या समोर मारली."

ती ऐकत होती. हात थांबले नव्हते. एका बोंबलाचा जबडा उघडून दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला, दोरीवर टाकला, पुढचा घेतला. मग माझ्याकडे बघितलं, त्या सूचना फलकापाशी बघितलं होतं तसंच, रागाशिवाय.

"आता मारली?" ती म्हणाली.

आणि पुढचा बोंबील उचलला.